फिस्क विद्यापीठाची फाय बीटा कप्पा शाखा : इतिहास आणि नोंदवह्या

अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात फिस्क विद्यापीठ आहे. गुलामगिरी संपल्यानंतर लगेच, १८६६ मध्ये, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी ते सुरू झाले. या विद्यापीठात ४ एप्रिल १९५३ रोजी फाय बीटा कप्पा या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सोसायटीची शाखा स्थापन झाली. चारच दिवसांनी, ८ एप्रिलला, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातही शाखा सुरू झाली. (हॉवर्ड आणि हार्वर्ड यांत गल्लत करू नये. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ.) कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांना मिळालेल्या या सोसायटीच्या पहिल्या दोन शाखा याच. सोसायटी तेव्हा १७६ वर्षांची झाली होती.

फाय बीटा कप्पा ही तिकडची सर्वांत जुनी आणि मानाची सोसायटी. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ५ डिसेंबर १७७६ रोजी ती सुरू केली, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर पाचच महिन्यांनी. सुरुवातीला ती गुप्त होती. सभासद जमत, वादविवाद करत आणि इतिवृत्त लिहीत. १७८१ च्या जानेवारीत ब्रिटिश फौज जवळ आली तेव्हा मूळ शाखा बंद पडली. पण इतिवृत्ताची वही टिकली आणि ती आज त्या कॉलेजच्या संग्रहात आहे. सभेला कोण होते, कोणाला प्रवेश मिळाला, हे आज सांगता येते ते त्या वहीमुळे. त्या वहीत कोण नाही हेही लक्षात घ्यावे लागते. हे कॉलेज स्वतः गुलाम बाळगत होते. समतेच्या घोषणेच्या वर्षी जन्मलेल्या या मंडळींच्या खोल्या झाडणारी माणसे इतिवृत्तात कुठून येणार?

पुढे या सोसायटीचे स्वरूप बदलले. गुप्तता गेली आणि कला व विज्ञान शाखांतील शेवटच्या वर्षांचे मोजके हुशार विद्यार्थी निवडण्याची पद्धत रुळली. विद्यार्थ्याला अर्ज करता येत नाही. कॉलेजातील जे प्राध्यापक स्वतः सभासद आहेत, ते नावे ठरवतात. आणि शाखा कोणत्या कॉलेजला द्यायची, हे दर तीन वर्षांनी भरणारी सोसायटीची परिषद मतदानाने ठरवते. त्याआधी ग्रंथालय, अध्यापकवर्ग, अभ्यासक्रम, आर्थिक स्थिती अशी तपासणी होते.

आता यातली मेख पाहा. नियमात ‘कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही’ असे लिहिलेले नव्हते. उत्तरेकडील गोऱ्यांच्या विद्यापीठांत शिकलेले काही कृष्णवर्णीय विद्यार्थी सभासद झालेही. हार्वर्डचे अ‍ॅलन लॉक, कॉर्नेलच्या जेसी फॉसेट, रटगर्सचे पॉल रोब्सन ही त्यांतली ठळक नावे. पण दक्षिणेत बहुसंख्य कृष्णवर्णीय मुले-मुली शिकत होती ती त्यांच्याच समाजासाठी असलेल्या कॉलेजांत, आणि तिथे शाखाच नव्हती. शाखा नाही म्हणून सभासद तयार होत नाहीत. शाखेसाठी अर्ज करायला तर सभासद असलेले प्राध्यापक लागतात. शिवाय तपासणीत ग्रंथालय आणि पैसा बघणार, आणि नेमका तोच या कॉलेजांकडे पिढ्यान्‌पिढ्या कमी. नियम कोरा ठेवून दार बंद ठेवण्याची ही पद्धत आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

वाट बघत सगळे बसले नाहीत. फिस्क ज्या नॅशव्हिलमध्ये आहे त्याच शहरात, टेनेसीच्या सरकारी कृष्णवर्णीय कॉलेजात, १९३७ मध्ये अल्फा कप्पा म्यू ही स्वतंत्र सोसायटी उभी राहिली आणि अनेक कृष्णवर्णीय कॉलेजांत पसरली. फिस्कने मात्र जुन्या सोसायटीच्याच दारावर धडक दिली. दक्षिणेतील कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संघटनेने १९३० मध्ये फिस्कला पूर्ण दर्जा दिला होता. तो मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय संस्था. कवी आर्ना बॉन्टेम्प्स १९४३ पासून तिथे ग्रंथपाल होते. त्यांनी कृष्णवर्णीय लेखकांची हस्तलिखिते आणि पत्रव्यवहार मिळवून ग्रंथालयाला संशोधनाचे केंद्र बनवले. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स एस. जॉन्सन १९४६ मध्ये विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकिर्दीत शाखा आली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल लागायला तेव्हा अजून एक वर्ष होते.

अशा सोसायट्यांबद्दल मला स्वतःला फार प्रेम नाही. निवडक लोकांच्या छातीवर बिल्ला लावून समाज पुढे जात नाही. फिस्क आणि हॉवर्ड या दोन्ही ठिकाणी शिकवलेले समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी तर कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेच्या हव्यासावर पुस्तकच लिहिले. तरीही या शाखेच्या नोंदी महत्त्वाच्या वाटतात, त्या वेगळ्या कारणाने.

सभासदांच्या यादीत दोन वर्षे पाहायची असतात : पदवीचे वर्ष आणि निवडीचे वर्ष. साधारणपणे ती एकच असतात किंवा एखाद्या वर्षाने मागेपुढे. पण ती वेगळी असली तर त्या फरकात इतिहास दडलेला असतो. उदाहरण द्यायचे तर फाय बीटा कप्पाचे पहिले कृष्णवर्णीय सभासद म्हणून बरीच वर्षे येल विद्यापीठाचे एडवर्ड बूशे यांचे नाव सांगितले जाई. ते १८७४ चे पदवीधर. पण येलची शाखा त्या काळात बंद होती. ती पुन्हा सुरू झाल्यावर १८८४ मध्ये जुन्या वर्गांतून त्यांची निवड झाली. दरम्यान व्हरमाँट विद्यापीठाच्या शाखेने १८७७ मध्येच जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन यांना निवडले होते. हेंडरसन यांचा जन्म गुलामगिरीत झालेला. पदवीचे वर्ष म्हणजेच निवडीचे वर्ष असे धरून चालल्यामुळे त्यांचा मान बूशे यांच्या नावावर जमा झाला होता. कागद तपासल्यावर तो दुरुस्त झाला.

फिस्कच्या बाबतीत हा फरक सर्वांत मोठा दिसतो तो डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या नावापुढे. पदवी १८८८, निवड १९५८. मधे सत्तर वर्षे. फिस्कनंतर ते हार्वर्डला गेले, तिथे पुन्हा पदवी घेतली आणि १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय झाले. हार्वर्डची शाखा तेव्हा शंभरी ओलांडलेली होती. तिने त्यांना निवडले नाही. फिस्कने निवडले तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. १९५१ मध्ये परकीय हस्तक असल्याच्या आरोपावरून सरकारने त्यांच्यावर खटला भरला होता. ते निर्दोष सुटले, तरी १९५८ पर्यंत त्यांना पासपोर्ट नाकारला जात होता. अशा माणसाचे नाव त्या वर्षी वहीत लिहिणे ही साधी कारकुनी नव्हती.

इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन १९३५ मध्ये फिस्कमधून पदवीधर झाले, तेव्हा तिथे शाखा नव्हती. १९७३ ते १९७६ या काळात तेच देशभरच्या फाय बीटा कप्पा शाखांचे अध्यक्ष होते. फिस्कचे ग्रंथालय आज त्यांच्या आणि त्यांच्या पत्नी ऑरेलिया यांच्या नावाने ओळखले जाते.

शाखा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले एक नाव डेव्हिड लेव्हरिंग लुइस. १९५६ चे पदवीधर. त्यांनी पुढे ड्यू बॉइस यांचे दोन खंडांचे चरित्र लिहिले आणि दोन्ही खंडांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. हे चरित्र लिहिता आले, कारण ड्यू बॉइस यांनी कागद जपले होते. १९६१ मध्ये घानाला जाताना त्यांनी काही कागदपत्रे फिस्कमध्ये ठेवली. मोठा भाग नंतर, १९७३ मध्ये, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील ग्रंथालयाकडे गेला.

त्याच अ‍ॅमहर्स्टच्या संग्रहात बाबासाहेबांचे पत्र आहे. साधारण जुलै १९४६ मधले. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज जूनमध्ये नुकतेच सुरू झाले होते. अमेरिकेतील निग्रो आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्य सांगून बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांच्याकडे संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांनी उत्तर पाठवले. पत्र आणि उत्तर दोन्ही टिकली, कारण आलेले पत्र आणि गेलेल्या पत्राची प्रत फाइलला लावायची सवय होती.

वस्त्यांमध्ये काम करताना मी जुन्या विद्यार्थी मंडळांच्या इतिवृत्ताची चौकशी करते. ‘ट्रंकेत होते, घर बांधताना गेले’ हे उत्तर इतक्यांदा ऐकले आहे की आता विचारतानाच धाकधूक होते. मागच्या वेळी मात्र एका आजींनी पत्र्याच्या डब्यातून सभासद वर्गणीची वही काढून दिली. चार आणे, आठ आणे, आणि प्रत्येकापुढे सही किंवा अंगठा.

ड्यू बॉइस आणि बाबासाहेब यांच्या पत्रांची छायाचित्रे अ‍ॅमहर्स्टच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. दोघांची नावे एकत्र टाकून शोधले की सापडतात.