झाशीचा निर्णय : संचालक मंडळ आणि त्याचा कार्यकारी प्रमुख

झाशी म्हटले की महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकाला राणी लक्ष्मीबाई आणि १८५७ हे साल आठवते. प्रशासनाच्या अभ्यासकाने मात्र १८५४ हे सालही लक्षात ठेवावे.

ईस्ट इंडिया कंपनी ही अखेर कंपनीच होती. लंडनला तिचे संचालक मंडळ, १७८४ पासून त्यावर ब्रिटिश सरकारचे नियंत्रण मंडळ आणि कलकत्त्यास गव्हर्नर जनरल हा कार्यकारी प्रमुख. पत्र पाठवून उत्तर येण्यास महिने लोटत. त्यामुळे या संबंधातील कळीचा प्रश्न असा की, मंडळाला आधी विचारायचे की नंतर कळवायचे?

१८५२ मध्ये राजपुतान्यातील करौलीचा राजा औरस वारसाविना वारला. लॉर्ड डलहौसीचा कल संस्थान खालसा करण्याकडे होता. परंतु त्याच्या कौन्सिलात मतभेद होते आणि प्रकरण लंडनला गेले. करौली हे संरक्षित मित्रराज्य आहे, असे सांगून संचालकांनी १८५३ मध्ये नकार दिला. प्रमुखाने विचारले, मंडळाने ‘नाही’ म्हटले आणि कोणाचीही मानहानी झाली नाही.

झाशीत २० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव नेवाळकरांनी दत्तक घेतला. दुसऱ्याच दिवशी ते निवर्तले. शेजारच्या ओरछाचा दत्तक मान्य झाला, मग झाशीला निराळा न्याय का, असा स्थानिक अधिकारी मेजर एलिस याचा अभिप्राय होता. २७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणात डलहौसीने तो अमान्य केला. ओरछा मूळचे स्वतंत्र राज्य, तर झाशीकर पेशव्यांचे सुभेदार. पेशव्यांचे तेथील हक्क १८१७ च्या तहाने कंपनीकडे आलेले. शिवाय १८३५ मध्येही झाशीचा दत्तक नाकारलेला, असा त्याचा युक्तिवाद. तो पोकळ नव्हता. परंतु या वेळी निर्णय आणि अंमल आधी झाला, मंडळाची संमती मागाहून आली. राणीने लंडनकडे मागितलेली दादही फेटाळली गेली.

झालेल्या गोष्टीवर मोहोर उठवताना मंडळापुढे दोनच वाटा उरतात : मान डोलावणे किंवा आपल्याच प्रमुखाला तोंडघशी पाडणे. दुसरी वाट सहसा कोणी धरत नाही. यात दोष एकट्या डलहौसीचा नव्हे. दत्तकास परवानगी हा अपवाद मानावा, असे संचालकांनी १८३४ मध्येच कळवले होते; पण अपवाद केव्हा करावा, याची कसोटी सैल ठेवली होती. सैल कसोटीचा अर्थ शेवटी अंमलदारच लावतो.

निरोगी संबंधांसाठी मंडळाने रोजच्या कारभारात हात घालू नये, हे खरेच. पण जे निर्णय फिरवता येत नाहीत ते आधी मंडळापुढे यावेत, आणि त्यांच्यासोबत हाताखालच्या अधिकाऱ्याचे विरोधी मतही जसेच्या तसे यावे.

जून १८५७ मध्ये झाशीत उठाव झाला. त्याची कारणे अनेक होती. खालसा धोरण त्यांपैकी एक. १८५८ मध्ये पार्लमेंटने कंपनीकडून भारताचा कारभारच काढून घेतला. मंडळाने प्रमुखाला जो प्रश्न वेळेवर विचारला नाही, तो मग त्याहून वरच्यांनी दोघांनाही विचारला.