परक्याची जीभ, किनाऱ्याचे शब्द

परकी भाषा शिकायला लागलेला माणूस व्याकरणापासून सुरुवात करीत नाही. तो आधी पाणी मागायला शिकतो, मग भाव विचारायला, मग वाट विचारायला. भाकरी, मीठ, भाडे, ताप, तिकीट, उद्या, परवा अशा साध्या शब्दांवर त्याचे पहिले दिवस निभतात. भाषेची थोरवी त्याला नंतर कळते. रोजच्या वापरातले हे शब्द माणसे कशी शिकतात आणि शिकताना स्वतःचे कोणते शब्द गमावतात, हा प्रश्न आम्हा मराठी मुसलमानांपुढे आज उभा आहे. म्हणून त्याचा थोडा इतिहास पाहावा असे वाटते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आली. त्यानंतर इंग्रजी माध्यमाच्या शाळांची ओढ वाढतच गेली. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत तर भाषांची आधीच दाटी. किनाऱ्यावर मराठीच्या बोली, बाजारात गुजराती, पाड्यांवर वारली, सिनेमात हिंदी, मदरशात उर्दू आणि नमाजात अरबी. यात इंग्रजी आली की मुलाच्या पाटीवर जागा उरत नाही, मग काहीतरी पुसावे लागते. पहिल्यांदा पुसला जातो तो घरचा शब्द. आजी बोलते ते 'अशुद्ध', शाळेत बोलतात ते 'शुद्ध' आणि इंग्रजी ते 'हुशारीचे', अशी उतरंड मूल न शिकवता शिकते. मुसलमान मुलाच्या वाट्याला तर दुहेरी परकेपण येते. मराठी बोलला तर लोक विचारतात, 'तुमची भाषा उर्दू ना?' उर्दू बोलला तर म्हणतात, 'ही आमच्याकडची नव्हे.' या प्रश्नांना आमच्याच किनाऱ्याच्या इतिहासात उत्तर आहे.

डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे १९५५ साली काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. त्या वेळी संजाण बंदराचा प्रदेश सांभाळणारा अधिकारी 'ताजिक' म्हणजे अरब होता. संजाण आज गुजरातेत आहे, पण तलासरीहून फार दूर नाही. त्या अधिकाऱ्याचे नाव ताम्रपटात 'मधुमति' असे आले आहे. अभ्यासक सांगतात, हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप. त्याने लोकांसाठी नदीवर फुकट नावेची सोय केली, अन्नछत्र चालवले आणि भगवतीच्या मठिकेला दान देण्याला त्याची संमती होती, असे त्यात नोंदले आहे. याच गावच्या १०३४ सालच्या दुसऱ्या एका ताम्रपटात 'हंजमन' असा शब्द येतो. विद्वान त्याचा संबंध फारसी 'अंजुमन'शी जोडतात. आज आमच्या कितीतरी शाळांच्या पाटीवर अंजुमन हा शब्द आहे. तो या किनाऱ्यावर कोरला जाऊन हजार वर्षे होत आली.

मुहम्मदचा मधुमति झाला यात कोणाला कमीपणा वाटला असेल असे आम्हाला वाटत नाही. लिहिणाऱ्याची जीभ संस्कृतात वळलेली होती, तिला जे जमले ते तिने लिहिले. परका शब्द घरात घेताना जीभ त्याला आपल्या अंगाचा सदरा घालते. उलट दिशेनेही हेच घडते आणि त्याचा दाखला एका तुर्काने ठेवला आहे.

सेयदी अली रईस हा उस्मानी सुलतानाचा आरमारी सरदार. बसऱ्यात अडकलेली पंधरा गलबते सुवेझला परत न्यायची कामगिरी त्याच्याकडे होती. १५५४ साली पोर्तुगिजांशी लढाई झाली, पाठोपाठ पावसाळी तुफान लागले आणि त्याची उरलेली गलबते आमच्या किनाऱ्याला, दमणला येऊन आदळली. दमण डहाणूच्या उत्तरेला, किनाऱ्याकिनाऱ्याने फार तर दोन दिवसांची पायवाट. तेव्हा ते गुजरातच्या सुलतानाकडे होते, पुढे १५५९ साली पोर्तुगिजांनी घेतले. सेयदी अली दमणहून सुरतेला, मग अहमदाबादला गेला. त्याची बरीच माणसे गुजरातेत चाकरीला राहिली. तो स्वतः सिंध, दिल्ली, काबूल, समरकंद असा खुष्कीने फिरत १५५७ साली मायदेशी पोचला. वाटेत दिल्लीला हुमायूनच्या दरबारात त्याने मध्य आशियाई तुर्कीत गझला म्हटल्या आणि बादशहाने त्याला दुसरा मीर अली शेर म्हटले. हा सगळा प्रवास त्याने 'मिरआतुल ममालिक' या पुस्तकात लिहिला आहे.

त्या पुस्तकातली एक लहानशी नोंद आम्हाला मोठ्या लढायांपेक्षा मोलाची वाटते. गुजरातच्या झाडांबद्दल लिहिताना तो 'तारी'चे झाड सांगतो. फांदीचे टोक कापून त्याला भांडे अडकवतात, त्यात गोड रस ठिबकतो आणि उन्हाने तो चढतो, असे वर्णन तो करतो. तारी म्हणजे आपली ताडी. तुर्कीत 'ड' असा जीभ वळवून उच्चारायचा वर्ण नाही, म्हणून 'र' आला. पुढे इंग्रज आले, त्यांनी हाच शब्द उचलून 'टॉडी' केला आणि तो त्यांच्या शब्दकोशात जाऊन बसला. ताडी आमच्या घरात वर्ज्य, पण ताडगोळे कोणी वर्ज्य केलेले नाहीत. डहाणूकडच्या ताडाचे नाव एका तुर्काने एका तोंडाने आणि एका इंग्रजाने दुसऱ्या तोंडाने नेले. आज इस्तंबूलच्या शाळेत कोणी मूल इंग्रजीतला टॉडी हा शब्द पाठ करीत असेल, तर तो शब्द आमच्या किनाऱ्यावरून निघालेला आहे हे त्याला कोण सांगणार?

तुर्की बोलणारा माणूस रोजची इंग्रजी कशी शिकतो हे पाहिले, तर आमच्या मुलांच्या अडचणी आम्हाला जास्त कळतात. तुर्की वाक्यात क्रियापद शेवटी येते. 'मी चहा पितो' याला तुर्क म्हणतो 'बेन चाय इचियोरुम'. मी, चहा, पितो, क्रम तोच. इंग्रजीत पिणे मध्ये घुसते आणि दोघेही तिथे अडखळतात. इंग्रजीतील 'ए' आणि 'द' ही नामाआधीची शेपटे तुर्कालाही नकोशी आणि आम्हालाही. तो, ती, ते या तिघांना तुर्कीत एकच 'ओ', म्हणून तुर्क इंग्रजीत बाईला 'ही' म्हणून जातो. आम्हाला ती अडचण नाही. आम्ही उलट टेबलाचे लिंग शोधत बसतो. शब्दाच्या आरंभी जोडाक्षर आले की तुर्क पुढे एक स्वर लावतो. स्टेशनला तो 'इस्तास्योन' म्हणतो, स्कॉटलंडला 'इस्कोच्या', आणि जुन्या स्मिर्ना शहराचे त्याने 'इझमीर' केले. १८६४ साली सुरतेकडून आलेला रेल्वेचा रूळ मुंबईला पोचला आणि आमच्या किनाऱ्यावर इंग्रजीचे रोजचे शब्द आले: तिकीट, सिग्नल, गार्ड, स्टेशन. तेव्हा आमच्याही लोकांनी कुठे 'इस्टेशन' केले, कुठे 'टेसन'. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी इझमीरचा नकाशा पाहावा.

तुर्काला इंग्रजीत ओळखीची माणसेही भेटतात. 'योगर्ट' त्याच्याच घरचे. 'किऑस्क' म्हणजे त्याचा 'कोश्क'. 'कॉफी' युरोपात गेली ती त्याच्या 'कहवे'वरून. 'ट्युलिप' हे फूल त्याच्या पागोट्याच्या नावावरून. टोळधाडीसारख्या फौजेला इंग्रजीत 'होर्ड' म्हणतात, तो तुर्की 'ओर्दू' म्हणजे लष्कराचा तळ. याच ओर्दूपासून आमच्या 'उर्दू'चे नाव आले. एकाच शब्दाची इंग्रजीत धास्ती झाली आणि आमच्याकडे गझलेची भाषा झाली.

आमच्या घरात तर तुर्काला पदोपदी नातलग भेटतील. आमचा कागद त्याचा 'कागित', आमचे दुकान 'दुक्कान', हिशेब 'हेसाप', मैदान 'मेयदान', दुनिया 'दुन्या'. तोफ आणि बेगम हे तर मुळात तुर्कीच. कैची हा शब्द मध्य आशियातल्या तुर्कीतून आला, पण इस्तंबूलचा तुर्क आज कात्रीला 'मकास' म्हणतो. मात्र नातलग भेटला म्हणून तो तसाच वागेल असे नाही. तुर्कीत 'कारपुझ' म्हणजे कलिंगड, आमचे खरबूज वेगळे. तुर्कीत 'मिसाफिर' म्हणजे पाहुणा, आमचा मुसाफिर वाटेवरचा. आणि सर्वांत विचार करायला लावणारा शब्द 'गरीब'. अरबीत गरीब म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर आलेला. तुर्कीत 'गारिप' म्हणजे विचित्र. मराठीत गरीब म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही. परका, विचित्र, निर्धन. परमुलखात आलेल्या माणसाच्या नशिबात ज्या पायऱ्या असतात, त्या एका शब्दाने तीन भाषांत चढून दाखवल्या आहेत. आमच्या लोकांना हा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

परक्या शब्दांची भीती मात्र सर्वत्र सारखी. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी १६७७ च्या सुमारास राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो राज्यकारभाराचा कोश होता. बाजारातल्या माणसाने कागद आणि दुकान सोडले नाही. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. १९२५ साली फार्शी-मराठी कोश तयार करणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. आमचे शब्द मोजून मांडणारा हात पुढे ते वगळण्याच्या बाजूला गेला.

याच सुमारास तुर्कस्तानात मोठे वादळ उठले होते. १९२८ साली अरबी लिपी जाऊन लॅटिन आली. १९३२ साली तुर्की भाषेची संस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्द काढून तुर्की शब्द घडवण्याचे काम सुरू झाले. 'मेक्तेप' जाऊन शाळेला 'ओकुल' आले, 'मुअल्लिम' जाऊन शिक्षकाला 'ओरेतमेन'. नव्या लिपीने लाखो लोक लिहू-वाचू लागले, हे खरे आणि ते लहान काम नव्हे. पण अतातुर्क यांनी १९२७ साली केलेले प्रदीर्घ भाषण पुढच्या पिढ्यांना समजावे म्हणून सोप्या तुर्कीत पुन्हा लिहावे लागले. ज्याने भाषा बदलली त्याचेच शब्द नातवंडांना परके झाले. आजोबांचे पत्र वाचता न येणारा नातू आज इंग्रजीचे शब्द घोकतो. कितीही केले तरी 'किताप' आणि 'कालेम' मात्र टिकले. रोज हातात असलेली वस्तू आपले नाव सहज सोडत नाही.

आता पुन्हा डहाणूकडे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा कुरणात कुरणशाळा भरली. महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, खडे, शिंपले आले. जे हातात आहे त्याचे नाव आधी, मग अक्षर. परकी भाषा शिकवायची याहून चांगली रीत आम्हाला दिसत नाही. वारली पोराला पुस्तकी मराठी परकीच होती. तिच्यापर्यंत तो पोचला तो आपल्या अंगणातून निघून.

त्याच १९४५ साली, २३ मे रोजी, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी तो इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. त्या लढ्याची कथा ज्या शब्दांशिवाय सांगताच येत नाही ते शब्द पाहावेत: जमीन, मजुरी, हक्क, जुलूम, कायदा. यातला एकही संस्कृतातून आलेला नाही. वारल्याने कोणाची परवानगी घेऊन ते उच्चारले नाहीत. त्याला जमीन हवी होती, म्हणून जमीन हा शब्द त्याचा झाला. ज्या मराठीत हक्क मागण्यासाठी 'हक्क'च म्हणावे लागते, त्या मराठीत आम्ही पाहुणे कसे?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. मुलांनी इंग्रजी जरूर शिकावी, नीट आणि लवकर शिकावी. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत ती लागते, आणि ती न येण्याची किंमत गरीब माणसालाच मोजावी लागते. पण इंग्रजीचा शब्द घरच्या शब्दाशेजारी ठेवून शिकवावा. ताडीशेजारी टॉडी, उर्दूशेजारी होर्ड. आजीच्या तोंडचा शब्द आधी वहीत उतरवावा, मग त्याचा मराठी, मग इंग्रजी. पाटीवर जागा कमी पडत असेल तर दुसरी पाटी आणावी. पहिली पुसू नये.