आखूड धाग्याचा हिशेब

यवतमाळचा कापूस दीडशे वर्षं लांबीवर विकला गेला, आणि लांबीचं माप ठरवलं लँकेशायरनं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडची रुई अडकली, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस आठवला. त्याच दशकात इंग्रजांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस कमिशनर नेमला. पुढे हाच कापूस न्यायला मूर्तिजापूरहून नॅरोगेज आली, आपली शकुंतला. १९९४ पर्यंत तिला ओढणारं वाफेचं इंजिनसुद्धा मँचेस्टरचंच.

मी याच बाजारात वाढलो. टेक्स्टाइलची पदवी घेऊन जिनिंग-प्रेसिंगमध्ये लागलो. आमचा ग्रेडर चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा. धागे सरळ झाले की नजरेनंच लांबी सांगायचा. एकोणतीस मिलिमीटर भरली तर भाव. पंचविसावर मान हलायची. बोंडअळीनं खाल्लेली कवडी वेगळ्या ढिगात पडायची. सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू सरकीसोबत तेलघाणीला जायचे. त्यांचा हिशेब कुणी मांडला नाही, म्हणून मी चाळिशीच्या तोंडावर मुंबईत पीएच.डी.ला नाव घातलं.

विषय त्याच आखूड तंतूंचा: नॅनोसेल्युलोज. १९५० च्या सुमारास स्वीडनमध्ये बेंग्ट रॉन्बी यांनी दाखवलेल्या वाटेनं ते आजही काढतात. स्वच्छ केलेले तंतू साधारण ६४ टक्के सल्फ्युरिक आम्लात, ४५ अंशांवर, तासभर ढवळायचे. विस्कळीत भाग आम्ल खातं, स्फटिकांचा टिकतो. मग आम्ल निघून जाईपर्यंत धुवायचं. भांड्यात उरतं किंचित निळसर, दुधाळ पाणी. त्यातला एकेक कण शे-दोनशे नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. तंतू एकोणतीस मिलिमीटरचा असो की तीनचा, कण तेवढेच निघतात. लांबीचा भाव इथं संपतो.

कापसाकडे असं बघणं नवं नाही. माटुंग्याची कापूस प्रयोगशाळा १९२४ ची. तिचे संचालक नझीर अहमद केंब्रिजमध्ये घडलेले भौतिकशास्त्रज्ञ. फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. तीच संस्था आज सिरकॉट, आणि नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्प तिथंच उभा राहिला.

जिनिंगमधली वर्षं मला रोज उपयोगी पडतात. शोधनिबंधात बहुधा नुसतं 'कापूस' लिहिलेलं असतं. पहिल्या वेच्याचा की फरदडीचा? पावसात भिजलेला की कोरडा? माझा पहिला प्रश्न हाच असतो, कारण कच्च्या तंतूची भिंत पातळ असते आणि कवडीला धुलाई जास्त लागते. हे ज्ञान यवतमाळ, वणी, पांढरकवड्याच्या जिनिंगांत हातोहात आहे.

पण कापूस असा शिकायला मला मुंबई गाठावी लागली. अमरावती विद्यापीठानं यवतमाळात कापसाची प्रयोगशाळा काढावी आणि जिनिंगवर राबणाऱ्या पोरांना नोकरी सांभाळून तिथं पीएच.डी. करू द्यावी. कच्चा माल दारात पडलेला आहे.