फुकटच्या वाटेची किंमत

सिॲटलला नवीन आलेला आपला माणूस पहिल्या महिन्यात दोन प्रश्न हमखास विचारतो. चांगला वडापाव कुठे मिळतो? आणि शनिवार-रविवारी खिशाला हात न लावता करायचं काय? पहिल्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र मी तयारच ठेवलेलं असतं: बर्क-गिलमन ट्रेल.

ही शहराच्या पोटातून जाणारी, मोटारींना बंदी असलेली डांबरी वाट. पश्चिमेला गोल्डन गार्डन्सच्या समुद्रकिनाऱ्याजवळ सुरू होते, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या आवारातून जाते, मग लेक वॉशिंग्टनच्या काठाकाठाने बॉथेलला पोचते. साधारण २० मैल. तिथे तिला समामिश रिव्हर ट्रेल मिळते, ती नदीच्या सोबतीने आणखी ११-एक मैल जाऊन रेडमंडच्या मेरीमूर पार्कात सोडते. पुढे ईस्ट लेक समामिश ट्रेल, इसाक्वापर्यंत अजून ११ मैल. तिकीट नाही, पास नाही, फाटकावर शिट्टी वाजवणारा वॉचमन नाही.

आणि वाटेवर कोण नसतं? सायकलने ऑफिस गाठणारे, रोलरब्लेडवाले, बाबागाडी ढकलत पळणाऱ्या आया, व्हीलचेअरवरचे आजोबा, कुत्र्याला फिरवणारे (किंवा कुत्रा ज्यांना फिरवतो ते). समामिश नदीच्या काठी तर डांबराशेजारी घोड्यांसाठी वेगळी मातीची वाट आहे. मेरीमूरला सायकल शर्यतींचा वेलोड्रोम आहे, कुत्र्यांना मोकळं सोडायचं भलंमोठं कुरण आहे, आणि चक्क क्रिकेटही चालतं. उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आपल्यापैकी कुणाकुणाचे आई-बाबा हटकून दिसतात. आईच्या साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, बाबांच्या डोक्यावर जुलैतसुद्धा कानटोपी. मागून कुणी "ऑन युवर लेफ्ट" ओरडलं की दोघं दोन दिशांना पळतात :-)

पण मंडळी, एक गोष्ट लक्षात येते का बघा. सिॲटल हे टेकड्यांचं शहर. कुठलाही सरळ रस्ता धरा, दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. मग ही एकच वाट मैलोन् मैल इतकी सपाट कशी? सत्तरीतल्या गुडघ्यांना आणि चार वर्षांच्या पोराच्या सायकलला एकसारखी झेपावी, इतकी?

कारण ती माणसांसाठी बांधलेलीच नव्हती. ती रेल्वे होती.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, चढ त्याला आवडत नाही. खंडाळ्याच्या घाटात १:३७ चढावर गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात, हे आपण लहानपणापासून खिडकीतून बघितलंय. म्हणून रेल्वेचे इंजिनीअर होता होईतो चढ टाळतात, डोंगर कापतात, खड्डे भरतात, पाण्याच्या कडेने जातात. आज आई-बाबा ज्या सपाटीवरून फिरतात ती १८८०च्या दशकातल्या वाफेच्या इंजिनाच्या सोयीसाठी केलेली सपाटी आहे.

ती कथा अशी. १८७३ साली नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने आपलं पश्चिमेचं शेवटचं स्टेशन म्हणून सिॲटलला डावलून शेजारच्या टॅकोमाची निवड केली. त्या काळात रेल्वे न येणं म्हणजे गावाला मरणाची नोटीस. सिॲटलकरांनी ठरवलं, तुम्ही येत नाही ना, मग आम्हीच रूळ घालतो. १८८५ साली थॉमस बर्क आणि डॅनियल गिलमन या दोघांनी पुढाकार घेऊन सिॲटल, लेक शोर अँड ईस्टर्न नावाची कंपनी काढली. बर्क वकिली केलेला, न्यायाधीशपदावर बसलेला. गिलमन पूर्वेकडच्या मेन राज्यातून आलेला. कॅस्केड पर्वत ओलांडून पूर्वेकडच्या रेल्वेंना जाऊन मिळायचं, असं मोठं स्वप्न होतं. १८८७ साली काम सुरू झालं. लाइन तळ्याच्या काठाने निघून कोळशाच्या खाणींपर्यंत पोचली. आजचं इसाक्वा तेव्हा 'गिलमन' या नावानेच ओळखलं जायचं. १८९९ साली ते नाव बदललं.

पर्वत काही ओलांडला गेला नाही. गंमत बघा, जिला धडा शिकवायला ही कंपनी काढली, त्याच नॉर्दर्न पॅसिफिकने १८९०च्या दशकात ती गिळली. (स्टार्टअपवाल्यांनी नोंद घ्यावी.) पुढची कित्येक वर्षं या रुळांवरून कोळसा आणि लाकडाचे ओंडके वाहिले गेले. मग जंगलं विरळ झाली, ट्रक आले, हायवे आले. १९७० साली नॉर्दर्न पॅसिफिक इतर कंपन्यांत विलीन होऊन बर्लिंग्टन नॉर्दर्न झाली, आणि १९७१ साली नव्या कंपनीने हा तुकडा बंद करायचं ठरवलं.

इथे खरी गोष्ट सुरू होते.

रेल्वे बंद होणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. अमेरिकेत १९१६ साली सुमारे २,५४,००० मैलांचं रेल्वेचं जाळं होतं. त्यानंतर ते आकसतच गेलं. प्रश्न असतो तो रुळांखालच्या जमिनीचा. काही ठिकाणी रेल्वेने ती विकत घेतलेली असते, पण पुष्कळ ठिकाणी तिच्याकडे फक्त रेल्वे चालवण्यापुरती वहिवाट असते. रेल्वे संपली की वहिवाट संपली, आणि पट्टा शेजारच्या मालकांकडे परत. शंभर मालक, शंभर तुकडे. एकाने तिथे गॅरेज बांधलं, दुसऱ्याने कुंपण घातलं, की संपलं. आपल्या भाषेत सांगायचं तर लिंक्ड लिस्टमधला एक नोड उडवला की पुढची सगळी यादी हरवते. अशी लांबलचक, अखंड, सपाट जमीन एकदा तुटली की भरवस्तीत ती पुन्हा जोडणं जवळजवळ अशक्य.

सिॲटलमधल्या काही साध्यासुध्या नागरिकांना हे वेळेवर कळलं. १२ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांनी 'हाइक-इन' केलं. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात सिट-इन, टीच-इन चालायची तो काळ, त्याच धर्तीवर हे नाव. सुमारे २००० माणसं रुळांवरून चालत निघाली आणि मॅथ्यूज बीचवर जमली. मागणी एकच: हा पट्टा विकू नका, मोडू नका, चालायला आणि सायकलला द्या.

रुळाला लागून घरं असलेल्या बऱ्याच लोकांचा याला कडाडून विरोध होता. दारामागून अनोळखी माणसं जाणार, चोऱ्या वाढणार, घराची किंमत पडणार. त्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण बांधावरून दोन-दोन पिढ्या भांडणाऱ्या मुलखातून आलेल्या आपल्याला तरी ती भीती समजायला हवी. शहर, काउंटी, युनिव्हर्सिटी आणि रेल्वे यांच्यातल्या वाटाघाटींना वर्षं लागली. शेवटी १९ ऑगस्ट १९७८ रोजी गॅस वर्क्स पार्क ते केनमोर असा सुमारे १२ मैलांचा पहिला टप्पा खुला झाला. त्याला नाव मिळालं त्याच दोन रेल्वेवाल्यांचं.

आणि ती भीती? शहराच्या इंजिनीअरिंग खात्याने १९८७ साली त्याचा रीतसर अभ्यास केला. रहिवासी, घरांचे दलाल, पोलीस सगळ्यांना विचारलं. चोऱ्या वाढल्याचं दिसलं नाही. ट्रेलला अगदी खेटून असलेल्या घरांच्या किमतीत खास फरक नव्हता, आणि जवळपासची घरं सरासरी सहा टक्के जास्त किमतीला जात होती. आज घराच्या जाहिरातीत 'ट्रेलपासून चालत दोन मिनिटं' असं कौतुकाने लिहितात.

सिॲटल या बाबतीत पहिलं नव्हे. विस्कॉन्सिनमधली एलरॉय-स्पार्टा ही रेल्वेची वाट १९६७ सालीच सुरू झाली होती. पण गजबजलेल्या शहराच्या मधोमध, शेजाऱ्यांच्या विरोधात, मदतीला खास कायदा नसताना ही जमीन अखंड राखली गेली, हे विशेष. कायदा आला नंतर, १९८३ साली. त्याचं तत्त्व असं की लाइन 'बंद' झाली असं मानायचंच नाही, ती जणू बँकेत ठेवायची. उद्या गरज पडली तर रेल्वे परत येईल, तोवर लोक चालतील. बंद झालीच नाही, म्हणजे वहिवाटही संपली नाही! व्हरमाँटमधल्या एका दांपत्याने याला आव्हान दिलं. १९९० साली सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला, पण जमीनमालक सरकारकडे भरपाई मागू शकतात, हेही सांगितलं. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. वाट सगळ्यांची असेल तर तिचा भार एकट्या शेजाऱ्याने का सोसावा?

याच कायद्याच्या आधाराने १९९८ साली ईस्ट लेक समामिशचा पट्टा काउंटीकडे आला. तीच बर्क-गिलमनची जुनी लाइन. तळ्याकाठच्या मालकांचे कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले, आणि संपूर्ण ११ मैल डांबरी व्हायला २०२३ साल उजाडलं. उलट बॅलार्डमध्ये सुमारे दीड मैलाचा तुकडा 'मिसिंग लिंक' म्हणून कुप्रसिद्ध झाला. या शतकाची पहिली वीस वर्षं तिथल्या कारखानदारांच्या आणि सायकलवाल्यांच्या भांडणात गेली. एक दीड मैल आणि वीस वर्षं! १९७१ साली अख्खा पट्टा तुटला असता तर काय झालं असतं, याचा हिशेब तुम्हीच करा.

अजून मागे गेलं तर आणखी एक हिशेब निघतो. रेल्वेच्याही आधी या तळ्याकाठी डुवामिश आणि समामिश लोकांची वस्ती होती. १८५५च्या पॉइंट इलियट करारानंतर ती जमीन त्यांच्या हातून गेली. मूळ मालक कोण, हा प्रश्न इथे कुणीही फार जोरात विचारू नये.

तर फुकट म्हणजे काय? आज या वाटा झाडायला, डागडुजी करायला लागणारा पैसा मोठ्या प्रमाणात प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, आणि काउंटीचे मतदार दर सहा वर्षांनी त्यावर मत देतात. २०१३ साली दिलं, २०१९ साली दिलं. तुम्ही भाड्याने राहत असलात तरी घरमालक तो तुमच्याकडूनच वसूल करतो, तेव्हा संकोच नको. पण खरी किंमत चुकती झाली ती १९७१ च्या त्या एका दिवशी आणि पुढच्या सात वर्षांच्या कंटाळवाण्या बैठकांत. त्या चालणाऱ्यांपैकी कितीतरी जण आज हयात नसतील. आपण त्यांची नावंही जाणत नाही. सायकल मात्र त्यांच्याच जिवावर चालवतो.

असो. या वीकेंडला ऊन पडलं तर निघा. उजवीकडून चाला, सायकलला घंटी लावा, वेग ताशी १५ मैलांच्या आत ठेवा, आणि मेरीमूरला गाडी नेलीत तर पार्किंगचे सुटे पैसे जवळ असू द्या. आणि आपल्या गावात एखादी जुनी लाइन, कालवा, पाणंद नुसतीच पडून आहे असं दिसलं, तर तिचे तुकडे पडायच्या आत चौकशी करा. नंतर फार महाग पडतं.