भिवंडीच्या गोदामात मुलाखत: अवघड प्रश्नांना काय उत्तर द्यायचं?

यंत्रमागांच्या भिवंडीत आता मानकोली, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गोदामांच्या नोकऱ्या निघतात. सुपरवायझरसाठी जात असाल तर या प्रश्नाची तयारी ठेवा: "मोजणीत सिस्टीमपेक्षा दहा नग कमी निघाले. काय कराल?" लगेच "चोरी झाली असेल" म्हणू नका. पुन्हा मोजणी, शेजारचे रॅक, परत आलेला पण नोंद न झालेला माल, गेलेल्या मालाची चलनं, मग वरिष्ठांना लेखी कळवणं, असा क्रम सांगा. समोरच्याला तोच ऐकायचा असतो.

लूम बंद पडून मधली दोन वर्षं रिकामी गेली असतील तर तसंच सांगा. खोटा अनुभव जुन्या मालकाला केलेल्या एका फोनवर उघडा पडतो. रात्रपाळी जमणार नसेल तर तेही तिथेच बोला.

सगळ्यात अवघड प्रश्न पगाराचा. आकडा सांगण्याआधी विचारा: नोकरी कंपनीची की ठेकेदाराची, आणि हातात किती येणार? मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० असेल, तर १२ टक्क्यांप्रमाणे पीएफचे १,४४० रुपये कापले जातात. ठेकेदार पीएफ कापत असेल तर यूएएन नंबर पहिल्याच महिन्यात मागून घ्या.