हरवलेले टाळ

तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिला मुक्काम आमच्या आकुर्डीत. एका वर्षी वडील म्हणाले, ‘मृदंग ऐकू येतोय, टाळ का वाजवत नाहीत?’ टाळ वाजतच होते. वडिलांची उमर मात्र कारखान्यातल्या प्रेसवर गेली होती.

१८५१ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ अल्फोन्सो कोर्टी यांनी अंतर्कर्णातल्या श्रवणेंद्रियाचं वर्णन केलं. तिथे प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. रोजच्या गोंगाटानं आधी उंच स्वर टिपणाऱ्या पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

१९७६ च्या दुरुस्तीनं कारखाना कायद्यातल्या, सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत हे बहिरेपण आलं. वडिलांचे टाळ त्याआधीच हरवले होते. यंत्राशेजारी ओरडून बोलावं लागत असेल, तर कान आजच झाका.