सामाजिक अन्यायाची गीते आणि त्यांचे अर्थनिर्णयन : सत्यशोधक जलसा ते 'माझी मैना'

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये ताम्रपट, सनदा, बखरी व दप्तरे यांना जे स्थान लाभले, ते गाण्याला लाभले नाही. वास्तविक नेसरी परिसरातील अभ्यासकाला गाण्याचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजरांनी येथे केलेले आत्मार्पण जनमानसात जिवंत राहिले, ते कागदपत्रांपेक्षा कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे. वीरश्रीच्या गाण्याचा अर्थ ऐकताक्षणी कळतो. अन्यायाविरुद्धच्या गाण्याचे मात्र तसे नाही. ते बहुधा ओळखीच्या साच्यात आणि ओळखीच्या चालीत येते. परिणामी चाल स्मरणात राहते व तिच्यातील वेदना निसटते. अशा गीतांचा अर्थ केवळ शब्दांत शोधता येत नाही. त्यांचा साचा आणि श्रोता यांचाही विचार करावा लागतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जलशाचा साचा आणि बदललेला आशय

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार खेड्यापाड्यांत नेला तो प्रामुख्याने जलशांनी. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने ११ जानेवारी १९११ रोजी कोल्हापुरात समाजाची शाखा स्थापन झाली आणि पुढील काळात दक्षिण महाराष्ट्रात जलशांना बहर आला. जलशाने तमाशाचा साचा स्वीकारला, परंतु त्यातील आशय बदलला. गणामधील गणपती हा 'गणांचा पती', म्हणजे लोकांचा नायक ठरला. शृंगार मागे पडला. वगाच्या जागी सावकारी, भिक्षुकशाही आणि शिक्षण हे विषय आले. श्रोत्याला गण अपेक्षित होता. गणही मिळाला, पण त्यातून निराळाच विचार कानी पडला. ही अपेक्षा आणि तिचा भंग लक्षात घेतल्याशिवाय जलशाच्या छापील संहितेचा अर्थ पूर्णपणे कळणे कठीण आहे.

पुढे आंबेडकरी जलशांनी हाच मार्ग अधिक धारदार केला. २० मार्च १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर मृत मांसाचा त्याग, शिक्षण, मंदिरप्रवेश व वतनाच्या बेडीतून सुटका हे विषय भीमराव कर्डक आदी जलसाकारांनी गावोगाव नेले. ज्या जातींकडे तमाशा ही परंपरेने आलेली आणि हीन मानली गेलेली कला होती, त्यांनीच त्यातील लावणी वगळून तो प्रबोधनासाठी उभा करावा, ही गोष्ट स्वतंत्रपणे अर्थपूर्ण आहे. येथे जे गायिले गेले त्याइतकेच जे गाण्याचे नाकारले गेले, तेही बोलके आहे. लोककलांच्या या घडणीकडे जात आणि स्त्रीप्रश्नाच्या दृष्टीने पाहण्याचे महत्त्व शर्मिला रेगे यांच्या लेखनाने अधोरेखित केले आहे.

'माझी मैना' : प्रेमगीत की अन्यायगीत?

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची 'माझी मैना' ही छक्कड या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. वरवर पाहता ती विरहाची रचना आहे. पोटासाठी मुंबईला निघालेला कष्टकरी गावी राहिलेल्या पत्नीची आठवण काढतो. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मात्र ही मैना प्रतीक बनली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, कारवार, निपाणी हा प्रदेश म्हैसूर राज्यात गेला आणि मैनेची ताटातूट ही मराठी मुलखाची ताटातूट झाली. सीमेलगतच्या आपल्या भागात हा अर्थ आजही चटकन उमजतो.

तथापि या दोन अर्थांच्या मध्ये तिसरा अर्थ दडला आहे व तोच बहुधा सुटतो. नायक गाव सोडतो तो हौसेने नव्हे, दारिद्र्याने. आणि ज्या मुंबईत तो येतो, तेथे श्रीमंतीच्या शेजारी कष्टकऱ्यांची दैना आहे. रचनाकार स्वतः वाटेगावहून वडिलांसोबत पायी मुंबईस आलेला, मातंग समाजात जन्मलेला, लाल बावटा कलापथकाचा शाहीर होता. ही पार्श्वभूमी बाजूला ठेवली की उरते ते गोड विरहगीत किंवा प्रादेशिक अस्मितेचे गीत. व्यासपीठांवर ते आज असेच ऐकले जाते.

वंशभेदाच्या गीतांशी तुलना

ही निसटण अमेरिकेतही आढळते. १९३९ मध्ये बिली हॉलिडे या कृष्णवर्णीय गायिकेने गायिलेले 'स्ट्रेंज फ्रूट' हे गीत प्रारंभी निसर्गवर्णन वाटते. झाडाला लटकणारे फळ म्हणजे जमावाने फासावर चढविलेला कृष्णवर्णीय मनुष्य आहे, हे उमगताच ऐकणारा हादरतो. १९८४ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे रॉक गीत गाजले. व्हिएतनाम युद्धातून परतून बेकार फिरणाऱ्या सैनिकाची ती कैफियत होती. परंतु जोशपूर्ण ध्रुपदामुळे अनेकांनी तिला राष्ट्रगौरवाचे गाणे मानले. त्याच वर्षी प्रचारसभेत अध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीन यांच्या गीतांतील आशेचा गौरव केला. ध्रुपद ऐकू आले, कडवी ऐकू आली नाहीत.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ फुले यांनी निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तर १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. जात आणि वंश या संस्था एकरूप नाहीत. पण त्यांचे बळी ठरलेल्यांना परस्परांची भाषा ओळखीची वाटली, हे ऐतिहासिक सत्य आहे.

निष्कर्ष

१) अन्यायाच्या गीताचा अर्थ शब्द, साचा आणि श्रोता या तिन्हींच्या संयोगातून सिद्ध होतो.

२) परिचित साचा हे अशा गीताचे सामर्थ्य आहे, कारण तो विचार दूरवर नेतो, तीच त्याची मर्यादाही आहे, कारण लोक साचा स्वीकारून विचार सोडून देऊ शकतात.

३) लोकप्रियता म्हणजे आकलन नव्हे. गीत जितके सर्वांचे होते, तितका त्यातील आरोप सौम्य होण्याचा संभव वाढतो.

म्हणून अध्यापकाने असे गीत वर्गात शिकविताना रसग्रहणावर न थांबता ते कोणी, कोणापुढे आणि काय सोसून गायिले, हे विचारणे अगत्याचे आहे. आपल्या तालुक्यांतील जुन्या शाहिरांच्या हस्तलिखित वह्या माळ्यावर धूळ खात पडल्या असतील, तर त्या मिळवून, ज्यांनी ती गाणी प्रत्यक्ष ऐकली त्यांच्या आठवणींसह नोंदविणे हे स्थानिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे काम आहे. वही वाचविता येते; ऐकणारे वयोवृद्ध आहेत, याचे भान मात्र ठेवावयास हवे.